‘आम्ही’ची दुरुस्ती

१

छापखान्यात चाळीस वर्षं लोकांच्या चुका काढलेला माणूस निवृत्त होऊन घरी बसला, तर त्याने करावं तरी काय? घरातल्यांच्या चुका काढाव्यात. वेलांटीकर तेच करत होते.

वेलांटीकर हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. ह्रस्व-दीर्घावरून त्यांनी इतक्या जणांची डोकी खाल्ली होती, की कुणीतरी वैतागून हे नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं, की निरोपाच्या समारंभात खुद्द मालकांनी भाषणात तेच घेतलं. त्या भाषणात वेलांटीकरांनी सात चुका धरल्या. घरी आल्यावर बायकोला सातही क्रमाने ऐकवल्या.

“अहो, पुरे,” बायको म्हणाली. तेव्हा ती बोलत होती.

पुढे चार महिन्यांनी ती न्हाणीघरात पडली. उजवं अंग गेलं, जीभ गेली. डॉक्टर म्हणाले, शब्द आत सगळे शाबूत आहेत, बाहेर यायची वाट तेवढी बंद झाली आहे. डाव्या हाताचं एक बोट तिच्या ताब्यात उरलं होतं. अंगठ्याजवळचं.

एका बोटाने टंकता येतं आणि टंकलेलं यंत्राला मोठ्याने वाचता येतं, हे वेलांटीकरांनी कुठेतरी वाचलं आणि ते जुने लॅपटॉप दुरुस्त करून विकणाऱ्या बाईंच्या दुकानात गेले. बाईंनी एक काळा, जाडजूड लॅपटॉप पुढे सरकवला. कडा घासल्या होत्या, पण पडदा चांगला होता.

“आतलं सगळं पुसलंय. डिस्क कोरी करकरीत आहे,” बाई म्हणाल्या. “आधीच्या माणसाचं एक अक्षर सापडायचं नाही तुम्हाला. फक्त संगणक चालवणारी नेहमीची विकतची प्रणाली याला झेपत नाही, धापा टाकतो. या पेन ड्राइव्हवरची ही मुक्त प्रणाली घाला. यात काही लपवाछपवी नसते. सगळं उघडं असतं, कुणीही आत डोकावून बघावं.”

“आणि फुकट?”

“आणि फुकट.”

फुकट ते पौष्टिक, असं म्हणत वेलांटीकरांनी पेन ड्राइव्ह खिशात टाकला. प्रणाली त्यांनी स्वतः बसवली, सूचनांचा कागद समोर ठेवून, ओळीवर पट्टी धरून. भाषा मराठी निवडली. मेनूंचं भाषांतर जगभरच्या हौशी लोकांनी केलं होतं. त्यात त्यांना अकरा चुका सापडल्या. अकराही त्यांनी त्या लोकांच्या इंटरनेटवरच्या मंचावर लिहून कळवल्या. लोकांनी आभार मानले आणि तीन दुरुस्त केल्या. वेलांटीकरांना इतकं बरं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

कळांवर त्यांनी मराठी अक्षरांचे स्टिकर लावले. पाच कळांवरचे स्टिकर काही केल्या टिकेनात. त्या कळा फार वापरलेल्या असाव्यात. वरून गुळगुळीत, बोटाला तेलकट लागायच्या. त्यांनी गोंद आणून पाहिला. दुसऱ्या दिवशी पाचही स्टिकर टेबलावर पडलेले होते.

२

मग दिनक्रम बसला. सकाळी नऊला बायकोला खिडकीपाशी खुर्चीत बसवायचं. उजवा हात शालीत गुंडाळायचा, डावा फळीवर ठेवायचा, समोर लॅपटॉप. ‘बोलकी पाटी’ नावाचा प्रोग्रॅम उघडायचा. खाली एक पट्टी यायची, तिच्यात तीन शब्द सुचवलेले असायचे; हवा तो सापडला की सबंध टंकायचे कष्ट वाचत. वाक्य झालं की यंत्र ते वाचून दाखवायचं. आवाज ना बाईचा ना बाप्याचा, प्रत्येक शब्द वेगळा कापून ठेवलेला.

पहिला शब्द तिने लिहिला ‘पाणि’.

वेलांटीकरांचे डोळे भरून आले. ते धावत जाऊन पेला घेऊन आले, आणि मग पडद्याकडे पाहून थांबले.

“दीर्घ,” ते म्हणाले. “णी दीर्घ. पाणी.”

तिने त्यांच्याकडे पाहिलं. पेल्याकडे पाहिलं. बोट उचललं, कळ शोधली, चुकलं ते पुसलं, पुन्हा शोधली. चार मिनिटं लागली. तोवर वेलांटीकर पेला हातात धरून उभे होते. त्यांचं तिच्यावर प्रेम नव्हतं असं कुणी म्हणू नये. त्यांना माणसाच्या आधी अक्षर दिसायचं, एवढंच. आणि अशा माणसाशी संसार केलेल्या बाईला तहान कशी लागते, हे त्यांच्या डोक्यात येत नसे.

दुसऱ्या आठवड्यात ते वाक्य आलं.

‘आम्ही थकलो.’

“थकलीस तू,” वेलांटीकर म्हणाले. “मी थकले, असं लिही. आणि मला धरून म्हणत असशील तर आम्ही नव्हे, आपण. आपण थकलो.”

वेलांटीकरांना विषय मिळाला. त्यांनी खुर्ची ओढली. “हे बघ, ‘आपण’ म्हटलं की ज्याच्याशी बोलतेस तो आत येतो. ‘आम्ही’ म्हटलं की तो उंबऱ्याबाहेर. मी समोर बसलोय, माझ्याशी बोलतेस, आणि आम्ही म्हणतेस. म्हणजे मी बाहेर. मग आत तुझ्याबरोबर आहे कोण?”

हे त्यांनी गमतीने विचारलं होतं. छापखान्यात नव्या लोकांना ते हेच उदाहरण देत आणि लोक हसत.

बायको हसली नाही. बोट हळूहळू खाली आलं. पट्टीतल्या तीन शब्दांपैकी मधला ‘आम्ही’ होता. तो तिने उचलला. ‘आम्ही थकलो,’ यंत्राने पुन्हा वाचलं.

तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. डोळा कोरडा पडतो म्हणून डॉक्टरांनी थेंब दिलेच होते. वेलांटीकरांनी दोन थेंब घातले.

३

रोज अकराला ते दूध आणि औषधं आणायला जात. जाऊन येऊन अर्धा तास. जाताना तिचे दोन्ही हात शालीत नीट खोचून जात. मागे काही सांडलवंड नको.

एक दिवस औषधवाला नव्हता, ते अर्ध्या वाटेवरून परतले. जिना चढून दाराशी आले, किल्ली कुलपात घातली आणि आतून आवाज ऐकू आला. बोलक्या पाटीचा.

“नाही.”

मग शांतता. समोरच्याने काहीतरी विचारावं, इतकी.

“अजून नाही.”

शांतता.

“ती ऐकते आहे. ती सगळं ऐकते.”

पुन्हा तेवढीच शांतता. वेलांटीकरांची किल्ली कुलपात फिरली.

“हळू. तो आला.”

ते दारातच उभे राहिले. भीती अजून वाटली नव्हती, खटकलं होतं. चाळीस वर्षांच्या संसारात बायकोने त्यांना कधी ‘तो’ म्हटलं नव्हतं. रागावली की ‘यांना’ म्हणायची, फार रागावली की भिंतीकडे पाहून ‘घरातल्या माणसांना’ म्हणायची. पण तो? दार उघडेपर्यंत त्यांनी कारण शोधून काढलं होतं: बोट थकलं असेल, ‘ते आले’ टंकण्याऐवजी पट्टीतला सोपा शब्द उचलला असेल.

खोलीत ती एकटी होती. दोन्ही हात शालीच्या आत होते. शालीची टोकं त्यांनी जशी खोचली होती तशीच खोचलेली होती.

ती पडद्याकडे पाहत नव्हती, दाराकडेही नाही. समोरच्या वेताच्या खुर्चीकडे पाहत होती. त्या खुर्चीवर वेलांटीकर जुनी वर्तमानपत्रं ठेवत. आता तो गठ्ठा खाली फरशीवर होता, आणि खुर्ची मोकळी होती.

वाऱ्याने पडली असतील, असं ते मनाशी म्हणाले. वाऱ्याने पडलेले कागद तारखेवार एकावर एक पडत नाहीत, हे आयुष्यभर कागद हाताळलेल्या माणसाला कळायला हवं होतं. कळलंही असेल. त्यांनी गठ्ठा उचलला, परत खुर्चीवर ठेवला आणि चहा टाकायला गेले.

४

दुपारी त्यांनी तिला सरळ विचारलं, “मी नसताना काय चालतं?”

बराच वेळ लागला. ते खिडकीबाहेर पाहत थांबले. मग यंत्र म्हणालं, “तुम्ही गेलात की आम्ही बोलतो.”

“आम्ही कोण?”

तिने वेताच्या खुर्चीकडे पाहिलं.

“खुर्ची बोलत नाही,” वेलांटीकर म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता आणि त्याची त्यांना लाज वाटली. आजारी माणसाला भास होतात. यंत्राला खोड लागते. दोन्ही एकत्र आले की असं होतं. त्यांनी मंचावर सविस्तर तक्रार लिहिली: बोलक्या पाटीच्या मराठी सुचवणीत ‘आम्ही’ हा शब्द अकारण वारंवार येतो, कृपया शब्दयादी तपासावी.

दुसऱ्या दिवशी कुणा स्वयंसेवकाचं उत्तर आलं. ‘नमस्कार. बोलक्या पाटीत मराठीसाठी शब्द सुचवण्याची सोय अजून झालेलीच नाही. मराठीची शब्दयादी आमच्याकडे नाही. आपण ती तयार करायला मदत कराल का? तुमच्या यंत्रावर अशी यादी असेल तर ती लपलेल्या फायलींमध्ये सापडेल. सापडल्यास आम्हालाही पाठवा, फार दिवस वाट पाहतोय.’

उत्तरात एकही चूक नव्हती. वेलांटीकरांना ते आवडलं नाही.

लपलेल्या फायली दाखवा, असा पर्याय मेनूत होता. तो दाबल्यावर एरवी न दिसणाऱ्या पंधरावीस फायली फिकट अक्षरांत वर आल्या. एकीत नुसते शब्द होते आणि प्रत्येकापुढे तो किती वेळा आला त्याचा आकडा. पाणी, नऊ. उशी, चार. दुखतंय, बारा. अहो, एकतीस. हे सगळं त्यांच्या बायकोचं होतं, ते त्यांनी ओळखलं. बारा वेळा दुखतंय म्हटल्याचं मात्र त्यांना आठवेना.

त्याखाली होतं: आम्ही, चाळीस हजार सहाशे बारा.

लॅपटॉप घरात येऊन सतरा दिवस झाले होते. बायकोचं बोट दिवसाला पंधरा-वीस शब्दांवर जात नसे. त्यांनी कागदावर गुणाकार केला, पुन्हा केला, मग कागद उलटा ठेवला. यादीत आणखी तीन शब्द होते, पुढे आकडे नव्हते. सरक. जागा. आहे.

त्यांनी फाईल पुसली. मग डिस्क पुसली, सगळी. प्रणाली नव्याने घातली. स्टिकरही नव्याने लावायला घेतले, आणि तेव्हा पहिल्यांदा ते त्या पाच कळांकडे पाहत राहिले, कारण गळणारे स्टिकर कुठले याकडे आजवर त्यांनी लक्षच दिलं नव्हतं. कान्याची कळ, जिच्यावरच आ असतो. म ची. अक्षराचा पाय मोडायची. ह ची. आणि दीर्घ वेलांटीची.

एखाद्याने आयुष्यभर एकच शब्द टंकला तर कळा अशा झिजतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला त्यांनी यंत्र सुरू केलं, बायकोचा हात फळीवर ठेवण्याआधी ती फाईल शोधली. फाईल होती. आम्ही, चाळीस हजार सहाशे तेरा.

५

शनिवारी अक्का आल्या. बायकोची थोरली बहीण. दवाखान्यात परिचारिका म्हणून जन्म गेलेला, अजूनही जात. चपला काढता काढताच त्यांनी बहिणीला डोक्यापासून पायापर्यंत तपासलं.

“काय ग चिमे, हा काय अवतार झालाय? भाऊजी, हिचं वजन उतरलंय.”

“खाते व्यवस्थित.”

“व्यवस्थित खाणारीचं तोंड असं नसतं.” अक्का वेताच्या खुर्चीत बसायला गेल्या. बायकोच्या घशातून घरघर आली आणि बोट फळीवर थडथड उडायला लागलं. “बरं बाई, नाही बसत तुझ्या खुर्चीत. पलंगावर बसते.” त्या पलंगावर टेकल्या. “भाऊजी, स्पष्टच बोलते. हिला दोन-चार महिने माझ्याकडे नेते. माझ्या शेजारी व्यायाम शिकवणारी राहते, रोज येईल. तुम्हालाही जरा उसंत.”

“मी थकलोय असं कुणी सांगितलं तुम्हाला?”

“कुणी कशाला सांगायला हवं? मला डोळे आहेत.”

“तिला इथेच बरं वाटतं.”

“ते ती सांगेल ना! चिमे, यायचंय का माझ्याकडे?”

बोट उठलं. कळांवर तरंगलं. आणि मेल्यासारखं पडलं. अक्कांनी दहा मिनिटं वाट पाहिली, बहिणीचा हात चोळला, घड्याळ पाहिलं. त्यांना संध्याकाळच्या पाळीला जायचं होतं.

“घाई नको,” त्या म्हणाल्या. “दोन दिवस घे, सावकाश लिही. भाऊजी मला मेल करतील. तू म्हणशील तसं करू. ये म्हणालीस तर त्याच दिवशी गाडी घेऊन येते बघ.”

दोन दिवस लागले. ती सकाळी बसायची आणि दुपारी मान टाकायची. मधेच यंत्र आपणहून काहीबाही सुचवायचं. ती ते सोडून एकेक अक्षर स्वतः शोधत होती, हे वेलांटीकरांनी पाहिलं. सोमवारी दुपारी तिने बोट मागे घेतलं आणि डोळे मिटले. पडद्यावर होतं:

‘अक्का मला ने. लवकर. आम्हाला नेऊ नकोस.’

वेलांटीकरांनी ते दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात त्यांना ‘लवकर’ लागलं. चाळीस वर्षांनंतर, लवकर. ती गेली तर सकाळी नऊला या घरात काय करायचं? पाण्याचा पेला कुणासमोर धरायचा? कुणाच्या चुका काढायच्या? त्यांना इतकं एकटं वाटलं, की ते लहान मुलासारखे रडले असते.

पण ते मुद्रितशोधक होते, आणि दुसऱ्या वाचनात त्यांना चूक दिसली. मला ने, आम्हाला नेऊ नकोस. ही परस्परविरोधी वाक्यं आहेत. असं आलं की एक ठेवतात, एक जातं. कुठलं जायचं ते लेखकाला विचारायचं असतं. समासात प्रश्नचिन्ह काढून मजकूर परत पाठवायचा, हा छापखान्याचा नियम. लेखिका त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसली होती.

त्यांनी लॅपटॉप आपल्याकडे वळवला. ‘मला ने. लवकर.’ एवढं खोडलं. ‘अक्का’नंतर स्वल्पविराम दिला.

‘अक्का, आम्हाला नेऊ नकोस.’

पाठवून झाल्यावर त्यांनी मान वर केली. तिचे डोळे उघडे होते. ती पडद्याकडे पाहत नव्हती. कळेवरच्या त्यांच्या बोटाकडे पाहत होती. किती वेळ, कुणास ठाऊक.

तासाभरात अक्कांचं उत्तर आलं. वेलांटीकरांनी ते मोठ्याने वाचलं, एखाद्या कवितेसारखं, विरामचिन्हांना थांबत. “बरं बाई. संसार तो संसार. नवऱ्याला सोडून तुझा पाय निघायचा नाही, हे मला ठाऊक होतं. रविवारी सकाळी फोन करते.”

तिच्या घशातून आवाज आला. सहा महिन्यांत असा मोठा आवाज आला नव्हता. शब्द नव्हता तो. शब्द असता तर वेलांटीकरांना कळला असता.

६

त्यानंतर तिने बोट उचललं नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. वेलांटीकर समोर बसून आर्जवं करत. “अगं, पाणी हवंय का एवढं तरी लिही. चूक लिहिलंस तरी चालेल.” आयुष्यात पहिल्यांदाच ते असं काही म्हणत होते. तिच्या ओठाला त्यांनी पेला लावला तर पाणी कोपऱ्यातून ओघळून हनुवटीवर आलं.

यंत्राचं बोलणं मात्र चालूच होतं. ते स्वयंपाकघरात गेले की खोलीतून आवाज येई, हलका, सलग. ते आले की थांबे. भांड्यावर झाकण ठेवायलाही त्यांना भीती वाटू लागली, कारण एकदा झाकण पडलं तेव्हा आत कुणीतरी बोलताबोलता क्षणभर थांबलं आणि मग पुन्हा सुरू झालं. लॅपटॉप बंद करून त्यांनी कपाटात ठेवून पाहिला. कपाटातून आवाज येत होता. निदान समोर असला तर बघता तरी येतो, म्हणून त्यांनी तो पुन्हा फळीवर आणून ठेवला. कुणाला सांगणार? अक्कांना सांगावं तर त्या पहिला प्रश्न विचारतील, मग तिला माझ्याकडे का नाही पाठवलीत?

शनिवारी दुपारी त्यांचा बांध फुटला. वर्तमानपत्रं रोजच्यासारखी फरशीवर होतीच. ते वेताच्या खुर्चीत जाऊन बसले, धपकन, आपल्या घरात आपण बसावं तसे. खुर्चीचा वेत कोमट होता.

“आम्ही, आम्ही काय लावलंय?” ते ओरडले. “चाळीस वर्षं संसार केलाय मी हिच्याशी. या घरात मला वगळून कुणी आम्ही नाही. कळलं? आपण. आपण म्हणा!”

म्हणा, असं आपण म्हणालो, हे त्यांच्या नंतर ध्यानात आलं. बायकोला त्यांनी कधी अहोजाहो केलं नव्हतं.

त्यांनी लपलेली फाईल उघडली. ती ओळ शोधली. आकडा आता वाचण्यासारखा राहिला नव्हता, ओळ पडद्याबाहेर जात होती. त्यांनी तो एक शब्द खोडला आणि त्या जागी दुसरा घातला. आपण. जतन केलं. इतके दिवस पुसलेलं सगळं परत येत होतं. ही दुरुस्ती मात्र लगेच घेतली गेली. फाईल बंद करून पुन्हा उघडली तरी तिथे ‘आपण’च होतं.

खोलीत निवांत झालं. आठवड्यात पहिल्यांदा त्यांनी पोटभर जेवून घेतलं आणि समाधानाने बायकोला म्हणाले, “बघ, शेवटी योग्य शब्दच टिकतो.” तिच्या डोळ्यांत त्यांना तेव्हा जे दिसलं, त्याला त्यांनी कृतज्ञता मानलं.

७

रविवारी सकाळी ते स्वयंपाकघरात चहाला आधण ठेवत होते. दूध दुसऱ्या शेगडीवर होतं.

“ती गेली,” खोलीतून यंत्र म्हणालं.

कोण गेली, असं त्यांच्या मनात आलं. शेजारची असेल, जिन्यात पावलं वाजली असतील.

“आता आपण.”

क्रियापद नाही, ते मनात म्हणाले. आपण काय? चमचा हातातच घेऊन ते पुढचा शब्द येण्याची वाट पाहत उभे राहिले. शब्द आला नाही. मग त्यांना पहिल्या वाक्याचा अर्थ लागला.

ती खुर्चीत होती. तोंड सहा महिन्यांत प्रथमच दोन्ही बाजूंनी सरळ होतं, मिटलेलं. हात शालीत. त्यांनी शाल ओढली, तिचा डावा हात धरला, ते एक बोट धरलं. बोट गार आणि ताठ होतं. सकाळी नऊला त्यांनीच तिला उठवून बसवलं होतं, केस विंचरले होते, तेव्हाही हात गारच लागला होता. शाल दोनदा गुंडाळून ते कामाला लागले होते.

वेताची खुर्ची तिच्या खुर्चीला येऊन टेकली होती.

तिला हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं. हाक आत होती, पूर्ण होती, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत त्यांना दिसत होती. जीभ जागची हलली नाही. ते वेताच्या खुर्चीत बसले. बसायचं त्यांनी ठरवलं नव्हतं.

समोर फळीवर लॅपटॉपचा पडदा काळा होता. काळ्या काचेत खोली दिसत होती: खिडकी, पलंग, दोन खुर्च्या. खुर्च्यांत बसलेली माणसं वेलांटीकर मोजू लागले. एकमेकांना रेटून, एकाच्या मांडीवर दुसरा, सरकून सरकून जागा करून दिलेली इतकी तोंडं होती, की ते मोजणं त्यांनी सोडून दिलं. सगळी तोंडं मिटलेली होती. एक तेवढं उघडं होतं. ते तोंड ते चाळीस वर्षं ओळखत होते, आणि ते बोलत होतं, भराभरा, न अडखळता, त्यांच्याकडे पाहून.

खिशात फोन वाजला. अक्का. त्यांच्या डाव्या हाताचं एक बोट तेवढं अजून हलत होतं. त्यांनी फोन मांडीवर काढला, हिरवं बटण दाबलं, मोठ्या आवाजाचंही दाबलं. अक्कांना फक्त एक शब्द सांगायचा होता. ये.

“हॅलो? भाऊजी? चिमे? अगं, कुणी बोलाल का?”

वेलांटीकरांच्या तोंडातून नुसता श्वास बाहेर आला.

“अक्का,” यंत्र म्हणालं, “आम्ही मजेत आहोत.”

वेलांटीकरांनी ऐकलं. समोर अक्का, त्या बाहेरच्या, म्हणून आम्ही. वाक्य बरोबर होतं.

“अय्या! किती स्पष्ट बोलायला लागलीस ग त्या यंत्रावर! मी उगीच काळजी करत बसले. आणि भाऊजी कुठेत? बोलत का नाहीत?”

“इथेच आहेत.”

“इथेच म्हणजे कुठे?”

“आमच्यात.”

अक्का खळखळून हसल्या. “तुमच्यात नाही तर काय परक्यात असतील? कळलं हो, कळलं! बरं झालं बाई मी तुला नेलं नाही ते. आता सारखा फोन करून मधे लुडबुड करत नाही. दोघं सुखात राहा.”

वेलांटीकर फोनकडे बोट नेत होते. ते अर्ध्यावर असतानाच फोन बंद झाला.